मरियनचा एन

डोंगरावरच्या कोग्लाई गावच्या बायका अडलेली बाई उचलून खाली हॉस्पिटलात नेतात, तेव्हा पुरुष पन्नास पावलं मागून चालतात. बाळंतपणाच्या रक्ताजवळ गेलं की पुरुषाची हाडं मऊ पडतात असं गावात सगळे मानतात. बायकाही मानतात, नाहीतर त्यांनी कधीच दोन रट्टे देऊन पुरुषांना खांदा द्यायला लावलं असतं. अगाता मानत नव्हती. पण बावीस वर्षांत या एका विषयावर तिचं इतकं भांडून झालं होतं, की आता तिला त्यांच्या हाडांचं काही वाटेनासं झालं होतं. मऊ तर मऊ. तिच्या गुडघ्यांचं काय झालंय, ते कोण विचारत होतं?

अगाता गावची औषधवाली. तिशीत असताना खालच्या मिशनच्या हॉस्पिटलात तीन आठवडे शिकून आली होती आणि येताना एक निळी पेटी घेऊन आली होती. तेव्हापासून ताप, खोकला, जखमा, बाळंतपणं, सगळं तिच्या दारात. शिवाय स्वतःचा रताळ्याचा मळा, डुकरं आणि कॉफीची झाडं होतीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बोमाई मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी माणसं उठसूट यायची ती तिच्याचकडे. "अगाता आहे ना," असं म्हणायची गावाला सवयच लागली होती. अगाता आहे म्हणून सगळं आहे, हे ऐकायला बरं वाटण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. अलीकडे तिला सकाळी उठल्या उठल्याच दमायला व्हायचं.

एक गोष्ट मात्र तिने जिद्दीने केली होती. दोन बांबू आणि कॉफीची रिकामी पोती घेऊन तिने एक झोळी शिवून घेतली आणि बायकांच्या पाळ्या लावल्या. चौघी उचलतील, चौघी बदलीला चालतील. पाळी चुकवायची नाही, घरात डुक्कर व्यायलं असलं तरी नाही. याच बायका बुधवारी दुपारी चर्चच्या ओसरीवर इंग्रजी अक्षरं शिकायला बसायच्या. प्रत्येकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिचा रक्तगट लिहिलेला असायचा. एप्रिलमध्ये हॉस्पिटलची माणसं वर येऊन सगळ्यांचं रक्त तपासून, प्रत्येकीचं कार्ड करून गेली होती, तेव्हा अगातानेच ते लिहायला लावलं होतं.

त्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी पंचाईत झाली होती. नावं लिहायची होती, आणि कोग्लाईत सासू-सून, सासरा-सून, सासू-जावई एकमेकांचं नाव उच्चारत नाहीत. तोंडाने 'तांबू' म्हणायचं, तेवढंच. चुकून नाव निघालंच तर तो मोठा अपमान, मग डुक्कर कापून समजूत काढायची. आता वर्गात एकीच्या सासूचं नाव दुसरीच्या पाटीवर, आणि दुसरीच्या सासऱ्याचं नाव फळ्यावर! म्हाताऱ्या बायकांची बैठक बसली. दोन दिवस चर्चा चालली. शेवटी स्कोलास्तिका म्हातारीने निवाडा दिला, की लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हाताला जीभ नसते. पण लिहिलेलं मोठ्याने वाचणं म्हणजे बोलणंच. मग कोणीतरी विचारलं, एकेक अक्षर सुटं सुटं म्हटलं तर? त्यावर म्हाताऱ्यांना भूक लागली आणि त्या निर्णय न देताच उठल्या.

तेव्हा अगातानेच आपली वाट काढली. सुटी अक्षरं म्हणायची, पण शेवटचं गिळायचं. नाव पुरं झालंच नाही तर ते घेतलं कुठे? बायकांना हे एकदम पटलं. चार वर्षांपूर्वी बोमाईने पलीकडच्या खोऱ्यातली दहावी झालेली मुलगी करून आणली. तिचं नाव मरियन. समोरासमोर दोघी एकमेकींना तांबू म्हणायच्या, पण लोकांशी बोलताना अगाता सुनेचा शेवटचा एन गिळून तिला 'मरिया' म्हणू लागली. गावात एक मरिया आधीचीच होती, बोमाईच्याच कौपा कुळातली. ती मग 'उंच मरिया' झाली. कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. फक्त मरियन हसायची.

"तांबू, तुमच्याकडे मी कायमच अर्धवट का हो?"

"उरलेली तू नवऱ्याकडे आहेस ना? तिथे पुरी हो."

सून अगाताला आवडत होती. वर्गातल्या निम्म्या बायका आता तीच शिकवायची. एक दिवस निळी पेटी हिच्या हातात द्यायची आणि आपण मळ्यात जाऊन नुसतं बसायचं, काही न करता बसायचं, हे अगाताने मनात ठरवून टाकलं होतं. तसं ती कोणाला बोलली नव्हती.

सून पोटुशी राहिली तेव्हा अगाताने तिला बजावलं होतं, दोन आठवडे आधी खाली जायचं. हॉस्पिटलच्या आवारात वाट बघणाऱ्या बायकांसाठी एक घर आहे, तिथे राहायचं. पण नेमकी कॉफी लाल झाली. मरियन म्हणाली, "एवढी झाडं उतरवू आणि पुढच्या आठवड्यात जाऊ." दुसऱ्या कोणाची सून असती तर अगाताने तिला दंडाला धरून खाली पाठवलं असतं. या वेळी ती "बरं" म्हणाली. एकटीने सगळी कॉफी तोडायची, या विचारानेच तिचे गुडघे दुखायला लागले होते. खरं कारण एवढंच, आणि ते तिला त्याच क्षणी ठाऊक होतं.

कळा तीन दिवसांनीच सुरू झाल्या. उजाडता उजाडता मुलगी झाली, चांगली रडली. पण वार पुरती पडली नाही आणि रक्त थांबेना. अगाताने सुनेच्या जिभेखाली तीन गोळ्या ठेवल्या, पोट चोळलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही. बायकांच्या झोपडीतल्या गवतावर मरियनचा चेहरा राखेसारखा दिसायला लागला. स्कोलास्तिका म्हातारीला पोट दाबून धरायला बसवून आणि बायकांना झोळी बांधायला सांगून अगाता फोन घेऊन टेकडीवर धावली. धावली म्हणजे काय, जमेल तशी चढली. फोन लागतो तो तिथेच, एका पडक्या झाडाच्या खोडावर उभं राहिल्यावर.

"सिस्टर, कोग्लाईहून अगाता. बाळंतीण आहे, वार अडकलीय. आम्ही घेऊन येतोय."

सिस्टर बर्नादेत किनाऱ्याकडची. बोलणं तुटक, हात चपळ. "किती रक्त गेलंय?"

"खूप. गवत भिजलं."

"रक्त चढवावं लागणार. नाव सांग, कार्ड काढते. गट कळला तर तयारीला लागता येईल."

नाव सुनेचं होतं. खोडावर ती एकटी होती. आजूबाजूला धुकं आणि कॉफीची झाडं. सांगायला दुसरं कोणी बरोबर आणायला हवं होतं, हे तिला आत्ता सुचत होतं.

"हॅलो? आई, नाव! आवाज तुटतोय, अक्षरं सांग."

"एम," अगाता म्हणाली. "ए. आर. आय. ए."

"बस?"

"बस."

"मरिया. मरिया कौपा ना?"

चार वर्षं अगाता सुनेला मरियाच म्हणत आली होती. तिच्या कानाला ते अगदी बरोबर वाटलं.

"हो," ती म्हणाली.

"मिळालं कार्ड. ए गट. आमच्याकडे रक्त शिल्लक नाही, ए गटाच्या धडधाकट बायका आण. आणि लवकर..." पुढचं ऐकू आलं नाही.

खाली आल्यावर तिने वह्यांची शेवटची पानं बघून बायका निवडल्या. ए गटाच्या पाच निघाल्या, त्या झोळीला लावल्या. स्कोलास्तिका म्हातारी काठी टेकत सोबत निघाली. ओ गटाच्या तिघींची त्या दिवशी झोळीची पाळी होती, त्यांना तिने घरी ठेवलं आणि पोरंबाळं बघायला सांगितलं. मरियनची वही घरात खुंटीला टांगलेल्या पिशवीत होती. ती कोणी बघितली नाही. बघायचं कारणच काय, सिस्टरच्या हातात कार्ड होतं.

पाच तासांची वाट. उतार सगळा चिखलाचा, आणि मधे ओढ्यावर एकच ओंडका टाकलेला. झोळीचे बांबू खांद्यात रुतत होते. अगाता बदलीला चालत होती, पाठीवर बाळ घेऊन, दर शंभर पावलांवर झोळीत वाकून बघत होती. बोमाई मागे, पन्नास पावलांवर. त्याच्या खांद्यावर सगळ्यांच्या रताळ्यांची पिशवी होती.

"बोमाई," स्कोलास्तिका मागे वळून ओरडली, "रताळी जड होत असतील तर सांग हो! तुझी बायको उतरून घेईल."

बायका हसल्या. हसल्याने पावलं जरा उचलली गेली. बोमाई मान खाली घालून चालत राहिला. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. अगाताला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही धरून ठेवायची ताकद नव्हती म्हणून तिने दोन्ही सोडून दिलं.

ओढ्यापाशी मरियनने डोळे उघडले. "तांबू, मला झोप येतेय."

"झोपायचं नाही. वर्गातल्या बायकांची नावं सांग मला."

"त्यातली निम्मी मला घेता येत नाहीत."

"मग निम्मी सांग."

मरियनने चार नावं सांगितली आणि पुन्हा डोळे मिटले.

हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा दुपार कलत होती. सिस्टर बर्नादेत दारातच उभी होती. मरियनला आत घेतलं, बोटातून थेंब काढला, ए गटाच्या बायकांनी आपणहून दंड पुढे केले. अगाता भिंतीला टेकून खाली बसली. आपलं काम झालं, आता यांचं, असं तिला वाटलं आणि त्या विचारानेच डोळे मिटायला लागले.

"हे कोणाचं कार्ड आहे?"

सिस्टर समोर उभी होती. हातात कार्ड आणि काचेची पट्टी. "कार्डावर ए आहे. हिचं रक्त ओ आहे. दोनदा बघितलं. या ए गटाच्या बायकांचं रक्त हिला दिलं तर ही माझ्या हातात मरेल. कार्डावरच्या बाईला तीन मुलं आहेत, ही तर पहिलटकरीण. आई, तू मला कोणाचं नाव सांगितलंस?"

अगाताला सगळं एकदम कळलं. उंच मरिया या वेळी कोग्लाईत रताळी खणत असेल, आणि ओ गटाच्या तिघी तिने स्वतःच्या तोंडाने घरी बसवल्या होत्या, पाच तास लांब.

"मरिया नाही," ती म्हणाली.

"मग कोण? मला कार्ड पाहिजे. हिला काय काय दिलंय, काय सोसत नाही, सगळं त्यात आहे. नाव!"

दारात झोळीवाल्या बायका गोळा झाल्या होत्या. बोमाई बाहेर पायरीवर. स्कोलास्तिकाला अगाताचं तोंड बघूनच कळलं. ती पुढे सरकली. "थांब सिस्टर, मी सांगते. मला चालतं. तिचं नाव..."

"तू नको," अगाता म्हणाली. "घोळ मी घातला. 'हो' मी म्हटलं."

"अगं पण तुला कशाला..."

"गप्प बस गं, स्कोलास्तिका."

ती भिंतीला धरून उठली. सुनेला आत ऐकू जाईल, मुलाला ऐकू जाईल, कोग्लाईतल्या पाच बायका हे वर घेऊन जातील आणि चार पिढ्या सांगत बसतील. आणि आत गवतासारखी पडलेली पोरगी तेवढ्यात मरेल.

"मरियन," अगाता म्हणाली. आणि मग पुन्हा, कारण पहिल्यांदा आवाज नीट फुटला नव्हता. "मरियन कौपा. शेवटी एन आहे."

बायकांनी श्वास आत घेतला. एकीने तोंडावर हात ठेवला. अगाता वाट बघत उभी राहिली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"वय?" सिस्टरने विचारलं.

"काय?"

"वय, वय. किती वर्षांची आहे?"

"बावीस."

सिस्टर कार्डांचा खोका घेऊन आत गेली. झालं एवढंच. चार वर्षं तोंडात धरून ठेवलेलं अक्षर, त्याचा कोणी पाहुणचार केला नाही. अगाताला हसू येईल की रडू, तेच कळेना.

सिस्टर लगेच परत आली. "ओ गटाचं कोण आहे इथे?"

"मी," अगाता म्हणाली आणि बाही वर सारायला लागली.

सिस्टरने तिला उजेडाकडे वळवलं, डोळ्याखालची कातडी बोटाने ओढून बघितली, मग दुसऱ्या डोळ्याची. नखं बघितली. "कधीपासून दमतेस?"

"सिस्टर, ते नंतर. रक्त घे."

"तुझंच तुला पुरत नाहीये. एक पिशवी काढली तर दोन खाटा लागतील मला. लोहाच्या गोळ्या घेत नाहीस?"

घेत नव्हती. पेटीत यायच्या त्या मोजक्या, पोटुश्या बायकांना वाटून संपायच्या. "घे म्हणतेय ना मी," अगाता म्हणाली. "थोडंसं घे. अर्धी पिशवी."

"नाही."

अगाताने बाही खाली केली. बावीस वर्षांत तिला 'नको' म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्याहून वाईट म्हणजे, ते ऐकून तिला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. सून आत मरणाच्या दारात आहे आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, याची तिला इतकी लाज वाटली, की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सिस्टरने स्वयंपाकघरात निरोप धाडला. तिथली आचारीण मोठ्या अंगाची, हाताला केळीच्या पानांचा चीक लागलेला, तशीच आली. बाकावर आडवी पडली आणि दंड पुढे करून म्हणाली, "भात करपला तर मला बोलायचं नाही." तिच्या मागून कपडे धुणारी आली. दोघी ओ गटाच्या. दोघींनाही मरियन कोण, हे ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत वार निघाली, रक्त थांबलं. सिस्टर बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "वाचेल." स्कोलास्तिका मटकन खाली बसली आणि बोमाईच्या पिशवीतलं रताळं काढून कच्चंच खायला लागली. बोमाई पायरीवर गुडघ्यांत तोंड खुपसून रडत होता. अगाताने जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायका वर निघाल्या. निघताना स्कोलास्तिकाने अगाताला बाजूला घेतलं. "डुकराचं बघ हो. सुनेचं नाव घेतलंयस, तेही दोनदा. लहानसं चालायचं नाही."

"दोनदा कुठे? पहिल्यांदा नीट उच्चारलं नव्हतं."

"मी ऐकलं. नीट होतं," म्हातारी म्हणाली. "आणि अक्षरांचं आम्ही तेव्हाच ठरवायला हवं होतं. जेवायला उठलो. चुकलंच." असं म्हणून ती काठी टेकत निघाली. पुन्हा वळून बघायला थांबली नाही.

अगाता मागे राहिली, सुनेच्या खाटेशेजारच्या बाकावर. सिस्टरने तिच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली होती आणि बजावलं होतं, या वाटायच्या नाहीत, खायच्या. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. तिची पाठ भिंतीला लागली आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिला सगळं ऐकू येत होतं, लांबून.

"जागी आहेस?" सिस्टरचा आवाज. "बाळाचं कार्ड करायचंय."

"करा." मरियनचा आवाज बारीक होता, पण होता. "सिस्टर, काल मला सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, पण कान उघडे होते."

"मग आम्ही किती ओरडलो तेही ऐकलंस."

"ते नाही. माझं नाव ऐकलं. सासरी आल्यापासून यांच्या तोंडून पहिल्यांदा. मला वाटलं, आता मेले तरी पुरी मरेन."

"मरायचं नंतर बघू. बाळाचं नाव सांग."

"आजीचं ठेवणार आहे."

"ठेवतात तुमच्यात, माहितीये मला. आणि मग पोरीची आई तिला जन्मभर 'ए मुली' म्हणून हाक मारते, कारण सासूचं नाव घ्यायचं नाही. काल एवढं रामायण झालं तेवढं पुरे नाही का? तू हिला हाक कशी मारणार आहेस?"

"तोंडाने," मरियन म्हणाली. "पुरी. अंगणात उभी राहून. रडली तरी, चिखलात लोळली तरी. रागावेन तेव्हा तर जास्तच जोरात."

"तुझी सासू काय म्हणेल?"

"आधी मला म्हणू तर द्या." मरियनने दोनदा घसा खाकरला. मग कुशीतल्या पोरीकडे वाकून, थोडं घाबरत पण स्पष्ट, तिने हाक मारली, "अगाता."

आणि बाकावरच्या अगाताने, डोळे न उघडता, झोपेतच ओ दिली.